बागेच्या पायऱ्या

बारामती,
रविवार, २४ नोव्हेंबर १९९६

सौ. स्वरूपास,

वर काय लिहायचं यातच एक अंतर्देशीय पत्र फुकट गेलं. आशीर्वाद लिहिले तर तू हसशील आणि नमस्कार लिहिला तर आई हसेल. म्हणून नुसतं नाव घातलंय.

फोन करणार होतो. पण तू पुन्हा इंदापूरच्या स्टँडवर तुझ्या एसटीडी बूथमध्ये बसायला लागलीस, असं आमच्या गाडीचे ड्रायव्हर म्हस्कूतात्या सांगत होते. त्या बूथवर बोललेलं स्टँडभर होतं हे मला ठाऊक आहे. लग्नाआधी मी गाडी लागली की तिथूनच बारामती डेपोला फोन लावायचो, आणि काम नसताना लावायचो, हे तुलाही ठाऊक आहे.

माझं इकडं झकास चाललंय. आईच्या हातची भाकरी खातो, ड्युटीवर जातो, येतो. काळजी नसावी.

एकच विचारतो. मी असं काय वावगं बोललो? बापूसाहेब बागेच्या समितीची मीटिंग होती. पायऱ्यांच्या जागी उतार करा, ते गोल फिरतं फाटक काढून रुंद दार बसवा, म्हणजे तीनचाकी सायकल सरळ आत जाईल, ही तुझी मागणी. तो इंजिनिअर ऋषिराज नकाशा पसरून सगळ्यांना समजावत होता, अपंगांसाठी यंदा कायदा झालाय म्हणत होता. समितीचे अध्यक्ष तात्या. त्यांच्या वडिलांच्या नावाची ती बाग. त्यांनी माझ्याकडं बघून विचारलं, "काय रामभाऊ, तुमचं काय म्हननं हाय?" मी उभा राहिलो. मनात होतं तेच बोललो. "माझ्या बायकोला उताराची गरज न्हाय. मी हाय की! जित्ता हाय तवर उचलून न्हेईन."

टाळ्या पडल्या. एका म्हाताऱ्यानं डोळे पुसले. तात्या म्हणाले, "ह्याला म्हनायचं नवरा," आणि विषय मिटला. मी तुझ्याकडं बघितलं तर तू आपल्या कुबड्यांकडं बघत होतीस. दुसऱ्या दिवशी तुझा भाऊ सूरज टेम्पो घेऊन आला. तीनचाकी मागं बांधली आणि तू निघालीस.

लग्न झाल्यापासून दर रविवारी मी तुला दोन्ही हातांवर उचलून त्या पायऱ्या चढलो. फिरत्या फाटकात दोघं मावत नाही म्हणून कठड्यावरून पलीकडं ठेवलं, आणि पुन्हा उचलून बाकावर बसवलं. बारामतीत दुसरा कोण करतो? बायका आपल्या नवऱ्यांना कोपरानं डिवचून आपल्याकडं दाखवायच्या. मला ते कळायचं. खोटं कशाला बोलू, आवडायचं.

आणि तू निघताना काय म्हणालीस? "तुमी मला बाकावर ठिवून चहाला जायचा. ऊन सरकायचं. मी न्हाय सरकायची."

अगं मग हाक मारायची. मी समोरच्या टपरीवर तर असायचो.

हे तुझं नाही. हे त्या ऋषिराजनं भरवलंय. मला तो दिवस चांगला आठवतो. मी ड्युटीवरून आलो तर हा आपल्या दारात उकिडवा बसलेला, हातात टेप, आणि तुझ्या सायकलीची रुंदी मोजतोय. बाह्यांची बटणं लावलेली, अंगाला सेंटचा वास. "स्वरूपाताई, तुम्हाला वळायला किती जागा लागते? चढताना दम कुठं लागतो?" आणि तू हसून सांगत होतीस. हातवारे करून सांगत होतीस. पोलिओ तुला लहानपणी झाला, लग्नाला आता चार वर्षं होतील, पण तुझ्या हातांबद्दल तू माझ्याशी इतकं कधी बोलली नाहीस.

ताई म्हणतो म्हणून काय झालं?

आज मी बागेत एकटाच गेलो होतो. बसवेना. परत ये. तुला न्यायला सूरजचा टेम्पो नको, मी येईन.

राम

•

बारामती,
रविवार, १५ डिसेंबर १९९६

स्वरूपा,

उत्तर नाही. नको देऊस. पण मी जे बघितलं ते मी लिहिणार.

बुधवारी आमची गाडी इंदापूर स्टँडात शिरली. उसाच्या बैलगाड्यांनी सणसरपासून रस्ता अडवला होता, त्यामुळं उशीर झालेला. मी रोज तुझ्या बूथकडं बघत नाही. मी तिकिटांचा हिशोब करत असतो. पण त्या दिवशी मान वर गेली आणि तुझ्या बूथपुढं काळी हिरोहोंडा दिसली. तिच्या आरशाला लाल गोंडा आहे. बारामतीत तसली एकच आहे.

काचेच्या आत तू बसली होतीस आणि तो वाकून तुला काहीतरी दाखवत होता. तू पेन्सिल घेतलीस आणि त्या कागदावर खोडलंस. त्यानं मान हलवली. तू आणखी काहीतरी काढलंस.

मी डबल बेल दिली. म्हस्कूतात्या मागं वळून म्हणाले, "आरं, मान्सं तर चढू दे!" एक बाई गठुडं घेऊन पळत येत होती ती राहिली. तिनं दिलेल्या शिव्या मी जंक्शनच्या थांब्यापर्यंत कानात घेऊन आलो.

म्हस्कूतात्यांना सगळं कळतं. चहा पिताना म्हणाले, "राम्या, बोल काय ते. पोटात आगटी पेटवून तिकिटं फाडू नगंस, मान्सांस्नी चटका बसतोय."

मी म्हणालो, "त्याचं हितं काय काम?"

"इंजनेर मानूस. काम आसंल."

"बारामतीची बाग झाली न्हाय, मग इंदापुरात कसलं काम?"

"मग जाऊन इच्यार की. बूथ काय परमुलकात हाय? धा पावलं."

ती पावलं मला टाकता येत नाहीत. का ते तुला कळत असेल तर कळव, मला कळत नाही.

घरी आलो तर आई भाकरी थापत होती. माझे वडील, आबाजी, असताना आमच्याकडं मेंढरं होती, त्या दिवसांचं बोलायला लागली. म्हणाली, "तुजा बाप लंगडं कोकरू खांद्यावर घेऊन कोसकोस चालायचा. कुनी बोललं न्हाय त्याला. तुज्यातबी तीच माया हाय." मला एवढं बरं वाटलं. म्हणून तुला लिहितोय. माया आहे म्हणून उचललं. त्या इंजिनिअरानं तुला कधी उचललंय का? नुसतं टेपनं मोजतो.

लिहिल्यावर वाचून बघितलं. नुसतं टेपनं मोजतो, तेच बरं आहे. खरंतर तो टेप आणि तो कागदच माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. त्यानं तुला पेन्सिल दिली आणि तू त्याचं चुकलेलं खोडलंस, आणि त्याला त्याचं वाईट वाटलं नाही.

उत्तर दे.

राम

•

बारामती,
गुरुवार, १६ जानेवारी १९९७

स्वरूपा,

तुझं कार्ड मिळालं. संक्रांतीचं कार्ड आणि त्यावर चार ओळी. ऋषिराजची बायको कळंबची, त्या दिवशी तिला माहेरी सोडून तो पुढं इंदापूरला आला होता. इंदापुरात तळ्याकाठी नवी छोटी बाग झाली, तिचं काम त्याच्याकडं होतं, आणि उतार कसा असावा हे त्यानं तुला विचारलं. "मी कोकरू नाही, हे तुम्हाला कुणीतरी सांगायला पाहिजे म्हणून मी सांगते." ही चौथी ओळ. बाकी तिळगुळ घ्या, गोड बोला, हे छापलेलं.

कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्या गाडीच्या स्प्रिंगचा पाटा तुटला. इंदापुरात गाडी उभी. वर्कशॉपचा माणूस येईपर्यंत संध्याकाळ होणार. बूथवर नजर गेली तर सूरज एकटा. मी म्हस्कूतात्यांना सांगितलं, पाय मोकळे करून येतो.

मी तुम्हा दोघांना पकडायला आलो होतो. हे लिहायला लाज वाटते, पण पुढचं त्याशिवाय कळणार नाही.

तळ्याकाठच्या बागेसमोर उसाच्या रसाचं गुऱ्हाळ आहे, त्याच्या आडोशाला उभा राहिलो. बागेचं दार रुंद, सपाट. आत थोडा चढ, लांबच लांब, वळण घेऊन वर जाणारा. तू आलीस. हिरवं लुगडं नव्हतं, तो निळा पंजाबी ड्रेस होता, जो माझ्या आईसमोर तू कधी घातला नाहीस. दोन्ही हातांनी सायकलीचं हँडल फिरवत आलीस, दारातून आत गेलीस आणि चढ चढलीस. मधे थांबलीस, श्वास घेतलास, पुन्हा निघालीस. मागं कुणी नव्हतं.

मी वाट बघत राहिलो. आता तो येईल. झाडामागून येईल, नाहीतर हिरोहोंडावरून येईल.

तू जास्वंदीपाशी गेलीस. तिथून पाण्याकडं गेलीस. तिथं पोरी दोरीवरच्या उड्या मारत होत्या, त्यांनी तुला दोरीचं एक टोक धरायला दिलं. मग तुला ऊन लागलं असावं. तू निघालीस आणि कडुनिंबाखाली जाऊन थांबलीस. थोड्या वेळानं गारवा लागला तशी पुन्हा उन्हात आलीस. कुणाला न सांगता, कुणाला न विचारता.

तो आला नाही.

स्वरूपा, तो आला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याची कॉलर धरता आली असती. म्हस्कूतात्यांना सांगता आलं असतं, बघा, मी म्हणत नव्हतो? पण तू एकटी होतीस आणि तुझा चेहरा असा होता की तसा मी आपल्या बागेत कधी बघितला नव्हता. मग मी जळायचं कुणावर? सिमेंटच्या चढावर? हो, त्याच्यावरच जळलो. रसाचा अर्धा ग्लास तसाच ठेवून दिला.

माझ्या हातांत तू असताना मी शहाणा, मी दयाळू, मी नवरा. तू आपली आपण गेलीस तर मग मी कोण, हे मला त्या गुऱ्हाळाशी उभं राहून सुचेना.

तू बाहेर पडायच्या आत मी निघून आलो. तू मला बघितलं नाहीस. नसावंस.

इकडची एक बातमी. तुझ्या तळ्याकाठच्या बागेचा फोटो पेपरात आला. बागेच्या समितीच्या तात्यांनी तो बघितला आणि दोन दिवस त्यांना जेवण गेलं नाही म्हणतात. "इंदापुरात हुतंय आनि बारामतीत न्हाय?" मला त्यांचं दुखणं लगेच ओळखू आलं. आता सव्वीस जानेवारीला बापूसाहेब बागेत उतार करून उद्घाटन करायचं म्हणून गडी लावलेत. लोक त्याला आत्तापासून घसरगुंडी म्हणतात.

राम

•

बारामती,
सोमवार, २७ जानेवारी १९९७

स्वरूपा,

काल जे झालं ते तुला दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत मला कळवायचं आहे. दुसऱ्या कुणाकडून म्हणजे कुणाकडून हे तू ओळखशीलच. आज ड्युटीवर चढायच्या आत हे टपालात टाकतो.

तात्यांनी परवा निरोप धाडला होता, "सूनबाईला घेऊन या, उद्घाटनाला पहिली गाडी तिचीच चढंल, फोटोग्राफर सांगितलाय." मी कळवलं, ती इंदापूरला असते. काल झेंडावंदन झाल्यावर बागेत गेलो. आईलाही यायचं होतं, तिला पेढे मिळणार होते.

उतार बघितला आणि जागीच थांबलो. मी काही इंजिनिअर नाही, पण तळ्याकाठचा चढ माझ्या डोळ्यांत बसलाय. तो लांब होता. हा आखूड आणि उभा, घराच्या पत्र्यासारखा. ऋषिराज कोपऱ्यात तोंड पाडून उभा होता. एक फूट चढायला बारा फूट लांबी धरा, असं त्यानं नकाशात दाखवलं होतं. पण तेवढी लांबी धरली तर उतार बापूसाहेबांच्या पुतळ्यापुढच्या हिरवळीवरून जाणार, म्हणून तात्यांनी मधेच तोडायला लावला. फिरतं फाटक तेवढं निघालंय.

फोटोसाठी समितीनं एक नवी तीनचाकी आणून ठेवली होती, हार घालून. बसायला कुणी नव्हतं. तात्यांनी इकडं तिकडं बघितलं आणि मला बाजूला घेऊन म्हणाले, "रामभाऊ, तूच बस. पायावर शाल टाक. फोटोपुरतं. कोन बघतंय?"

मी बसलो. का बसलो ते खरं सांगू? तुला जमतं तर मला का जमू नये, असं मनात आलं. तात्यांसाठी नाही बसलो. तुझ्याशी बरोबरी करायला बसलो.

बँड वाजला. मी हँडल फिरवायला घेतलं. सुरुवातीला चढली. निम्म्यावर गेल्यावर खांद्यांत कळ आली आणि सायकल जागच्या जागी थरथरायला लागली. पुढंही जाईना आणि सोडली तर मागं जाणार. पाय टेकवायला गेलो तर शालीत अडकले. मग ती मागं घसरली, कडेला गेली आणि मी झेंडूच्या वाफ्यात उपडा पडलो.

लोक हसले. मीही हसलो असतो दुसऱ्याला. पण खाली पडून वरच्या माणसांचं हसणं वेगळं ऐकू येतं गं.

तात्या ओरडले, "आरं उचला त्येला! न्ह्या वर, न्ह्या!" दोघं पैलवान धावत आले. मला कुणी काही विचारलं नाही. एकानं काखेत हात घातला, एकानं मांड्यांखाली, आणि मला उचललं. मी म्हणत होतो, "खाली ठिवा, मला चालता येतंय, खाली ठिवा." त्यांना वाटलं मी सोंग करतोय. माझा शर्ट वर गेला, पोट उघडं पडलं, ते झाकायला हात मोकळा नव्हता. त्यांनी मला वर नेऊन बाकावर ठेवलं.

आणि टाळ्या वाजल्या. स्वरूपा, त्याच टाळ्या होत्या. मीटिंगमधल्या. तेच हात.

मी उठलो आणि चालत खाली आलो. माझा आवाज इतका मोठा आहे हे मला सणसरच्या थांब्यावरसुद्धा कधी कळलं नव्हतं. मी म्हणालो, "तात्या, आता तुमी बसा. चढून दावा."

"म्या? म्या काय पांगळा हाय?"

बँडवाले वाजवायचे थांबले. ऋषिराज पुढं आला, म्हणाला, "तात्या, मी लेखी सांगितलं होतं, यावरून माणूस पडेल. आज पडला." तो माझ्या शेजारी उभा राहिला. मला सेंटचा वास आला. मी सरकलो नाही.

तात्या हिरवळीचं सांगायला लागले, वडिलांच्या पुतळ्यापुढं सिमेंट कसं ओतायचं, लोक काय म्हणतील. तेवढ्यात माझी आई बोलली. कडेला पेढा हातात धरून उभी होती. म्हणाली, "आरं तात्या, तुजी आय सिंधुबाई आली न्हाय व्हय रं आज?"

"तिचं गुडघं धरल्यात, मावशी. पायऱ्या झेपत न्हाईत."

"आनि ह्यो उतार?"

आईनं पेढा पदरात बांधला.

"म्हंजी तिनं आपल्या दाल्ल्याचा पुतळा आजून बघितलाच न्हाय?"

मला हे माहीत नव्हतं. आईला माहीत होतं. पूर्वी ती त्यांच्या घरी घोंगड्या द्यायला जायची, तेव्हापासूनची दोघींची ओळख. पुतळा बसून तीन वर्षं झाली असतील. तात्यांनी पुतळ्याकडं बघितलं, मग उताराकडं. ऋषिराजला एवढंच म्हणाले, "तुमच्या नकाशापरमानं करा." आणि फोटो न काढताच घरी गेले.

निघताना ऋषिराज मला म्हणाला, "स्वरूपाताईंना मी कळवू की तुम्ही कळवाल?" मी म्हणालो, "माझी बायको हाय, मीच कळवनार." तो हसला. मला तो अजून आवडत नाही. आवडायला लागला असं लिहिलं असतं तर पत्र छान झालं असतं.

मनगट सुजलंय म्हणून अक्षर असं आलंय.

राम

•

बारामती,
रविवार, १६ फेब्रुवारी १९९७

स्वरूपा,

नवा उतार झाला. पुतळ्यासमोरून वळण घेऊन जातो. हिरवळ निम्मी गेली. सिंधुबाई काल काठी टेकत वर गेल्या, पुतळ्यासमोर उभ्या राहिल्या आणि तात्यांना म्हणाल्या, "नाक चुकलंय." एवढंच म्हणाल्या. पण मग तासभर तिथंच बसल्या. आई आणि त्या आता रोज जाणार आहेत म्हणे.

मी आज एकटा वर गेलो आणि बाकावर बसलो. ऊन आल्यावर उठलो नाही. मुद्दामच. मान भाजली, डोळ्यांपुढं अंधारी आली, तरी बसलो. तू असं किती रविवार बसलीस ते मी विचारत नाही, तू सांगू नकोस.

परत ये असं मी मागं लिहिलं होतं. या वेळी लिहीत नाही. तू तळ्याकाठी जशी दिसलीस तशी तू इथं दिसशील की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी अजून जळतो. तुझ्या बूथवर जो जो फोन करायला येतो त्याच्यावर जळतो, दोरी धरायला देणाऱ्या पोरींवरही. हे कमी होईल का ते माहीत नाही. पण मी काय करू ते तू सांगितलंस तर करीन.

राम

•

इंदापूर,
गुरुवार, २० फेब्रुवारी १९९७

अहो,

तुमची सगळी पत्रं पोचली. सूरज विचारतो, दाजी एवढं काय लिहितात? मी सांगते, गाड्यांचं वेळापत्रक.

रसाच्या गुऱ्हाळाशी तुम्ही उभे होतात ते मी बघितलं होतं. खाकी कपडे घालून आणि खांद्याला कंडक्टरची बॅग लावून माणूस लपतो का कधी? मी मुद्दाम कडुनिंबाखाली गेले, मुद्दाम उन्हात आले. तुम्हाला दिसावं म्हणून. पण पुढं पुढं मी तुम्हाला विसरले. घरी आल्यावर आठवलं की तुम्ही होतात. तेव्हा मला वाईट वाटलं आणि बरंही वाटलं. दोन्ही खरं आहे.

तुम्ही झेंडूत पडलात ते वाचून मी एवढी हसले की बूथवरचं गिऱ्हाईक फोन ठेवून बघायला लागलं. आणि पुढचं वाचलं, त्यांनी तुम्हाला काखेत धरून उचललं ते. मग काच लावून घेतली आणि रडले.

तुम्ही तुमच्या जळण्याचं एवढं लिहिलंत, तर माझंही ऐका. जळणं काही तुमच्या एकट्याच्या मालकीचं नाही. लग्न होऊन मी बारामतीला आले. माझा बूथ, माझं स्टँड, माझी माणसं इकडं राहिली. आणि तुम्ही रोज इंदापूरला यायचात. रोज! मी खोलीत बसून असायची आणि तुम्ही माझ्या गावाला जाऊन यायचात. संध्याकाळी शर्ट काढता काढता सांगायचात, आज तुमच्याकडं बाजार होता, आज तुझी ती मैत्रीण दिसली, आज तळ्यावर गार वारं सुटलं होतं. तुम्ही मायेनं सांगायचात. आणि मला वाटायचं, ह्यांचा शर्ट टराटरा फाडावा. तुमच्या पायांवर मी कधी जळले नाही. पण त्या गाडीवर जळले. आपल्या बायकोच्या गावाला जाऊन यायला तुम्हाला कुणाच्या हातांची गरज लागत नव्हती आणि ते तुमच्या ध्यानातही नव्हतं.

ऋषिराजनं मला काही भरवलं नाही. त्यानं फक्त विचारलं. विचारल्यावर माणसाला उत्तर सुचतं.

आता काम करा. बूथ मी सोडणार नाही. इंदापूर मुक्कामाची गाडी असते, तिची ड्युटी मागून घ्या. रात्री इथं राहाल, सकाळी गाडी घेऊन जाल. स्टँडवरची माणसं तुम्हाला घरजावई म्हणतील. सोसा. रविवारी मी बारामतीला येत जाईन. सासूबाईंना सांगा, मी निळा ड्रेस घालून येणार आहे.

या रविवारी पहिल्यांदा येते. सकाळच्या गाडीनं, तुमच्या नाही, तिच्या आधीच्या. तीनचाकी टपावर टाकायला आणि मला चढवायला इकडं सूरज आहे. तिकडं उतरायला मात्र कुणीतरी लागेल, कारण गाडीच्या पायऱ्या उंचच आहेत आणि त्यांचा नकाशा अजून कुणी काढलेला नाही. बागेत मी माझी जाईन. तुम्ही शेजारून चाला.

स्टँडवर गाडी लागली की दाराशी या. हात लगेच पुढं करू नका. आधी विचारा. मी व्हय म्हणेन.

स्वरूपा